दोन मुठी म्हणजे दहा

संध्याकाळी साडेसात वाजले की मुकुंदकाका आमच्या जिन्याच्या तळाशी उभे राहायचे आणि हजेरी घ्यायचे. परदेशीपुऱ्यातली आमची इमारत तीन मजल्यांची, बिऱ्हाडं सहा, माणसं एकोणीस. तळमजल्यावरच्या यादवजींपासून सुरुवात करून काका एकेकाचं नाव घ्यायचे आणि त्या त्या दारातून उत्तर यायचं, ‘आहे’. यादवांकडून ‘हैं भिया, हैं’ यायचं. सगळ्या नावांना उत्तर मिळालं की ते जिन्याचं चॅनल गेट ओढून कुलूप लावायचे. कुणी गावाला गेलं असेल तर घरच्यांनी तसं सांगायचं. कुणी अजून रस्त्यात असेल तर काका किल्ली हातात धरून तिथेच उभे, मग त्याला यायला तासभर लागला तरी चालेल.

नुसता आकडा सांगून भागत नसे. एकदा यादवजी टीव्हीसमोरून ओरडले, “मुकुंदजी, हम चारों अंदर हैं, लगा दो ताला.” काका त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. “गिनती मत बताओ यादवजी. नाम बताओ.” आवाज चढलेला नव्हता, पण यादवजींनी टीव्ही बंद केला आणि मुकाट्याने चार नावं सांगितली. नवीन भाडेकरू पहिले आठ दिवस हसायचे. नंतर त्यांनाही सवय व्हायची, आणि मग साडेसातला कान आपोआप जिन्याकडे लागायचे.

काका म्हणजे मुकुंद वळवेकर. आमच्या समोरच्या खोलीत एकटे राहायचे. उंच, किंचित वाकलेले, पांढरा बुशशर्ट बाराही महिने इस्त्रीचा. तरुणपणी मिलमध्ये मिक्सिंग खात्यात जॉबर होते. कापसाच्या गाठी फोडून रुई एकत्र करतात ते हे खातं, आणि तिथल्या दहा जणांच्या टोळीचे ते प्रमुख. उजव्या हाताला करंगळी नव्हती. कार्डिंगच्या, म्हणजे रुई पिंजायच्या मशीनने ती मुळापासून नेली होती, आणि तो हात ते बहुतेक वेळ खिशातच ठेवायचे. लग्न ठरलेलं होतं, ते त्यांनी स्वतःच मोडलं. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. गल्लीतल्या बायकांनी मात्र आपापल्या परीने कारणं शोधून ठेवली होती.

त्या टोळीतल्या दहांपैकी एक माझे वडील होते. मी सात वर्षांची असताना मिक्सिंग खात्यात आग लागली. रुई कशी पेटते ते मिलवाल्यांना सांगावं लागत नाही. अशा वेळी माणसं बाहेर काढायची आणि लोखंडी दरवाजा ओढून घ्यायचा, म्हणजे आगीला हवा मिळत नाही, हा तिथला नियम. तसंच झालं. दहाच्या दहा बाहेर आले, दरवाजा बंद झाला, आणि नंतर कळलं की बाबा आत आहेत. त्यांच्याजवळ त्यांचा स्टीलचा डबा सापडला. चौकशीत लिहिलं गेलं की गजानन बाहेर आला होता, पण दरवाजा लागण्याआधी डबा घ्यायला परत गेला. मी हेच ऐकत मोठी झाले. लोक हळहळायचे आणि वर म्हणायचे, एका डब्यासाठी जीव घालवला! आई यावर कधीही एक शब्द बोलली नाही. तिच्या तोंडून बाबांचं नावही मी फार ऐकलं नाही. ती त्यांच्यावर रागावलेली आहे असं मला वाटायचं. मलाही त्यांचा राग यायचा, खोटं कशाला सांगू?

आमच्या घरी डबा नव्हता. शाळेत सगळ्या पोरींकडे गोल, चौकोनी, झाकणावर फुलं असलेले डबे असायचे. माझी पोळीभाजी फडक्यात बांधलेली. आईकडे मी एकदा हट्ट धरला तेव्हा ती एवढंच म्हणाली, “आपल्या घरात नको.” गरिबीमुळे असेल असं समजून मी गप्प बसले.

आई शिलाईच्या कारखान्यातून येईपर्यंत मी काकांच्या खोलीत अभ्यास करायची. तिथेच त्यांनी मला एकदा मारलं. आयुष्यात एकदाच, पण अजून हात हुळहुळतो. मी पहिल्यांदाच बेरजा करायला शिकत होते आणि सगळी पोरं करतात तसं एकेक बोट मिटत मोजत होते. त्यांनी माझ्या मनगटावर फाडकन चापट मारली. मी रडायचं विसरून त्यांच्याकडे बघत राहिले, कारण ते स्वतःच थरथरत होते.

“बोटं मिटून नाही मोजायचं. कधीच नाही. समजली?” मग खाली बसून त्यांनी माझा पंजा उघडला आणि माझ्याच अंगठ्याने एकेका पेराला स्पर्श करायला लावला. “हे बघ नंदू, एका बोटाला तीन पेरं. चार बोटांची बारा. हात उघडाच राहतो. हात उघडा असला की काय आहे नि काय नाही, सब दिखता है.”

याचा परिणाम असा झाला की वर्षभर मी बाराने मोजत होते. बाईंनी फळ्यावर वीस फुलं काढून किती म्हणून विचारलं, तेव्हा मी आत्मविश्वासाने सांगितलं, “एक हात आणि आठ.” वर्ग खो खो हसला. बाईंनी आईला बोलावून विचारलं, घरी हिला कोण शिकवतं? केळीवाल्याकडे मात्र माझा हिशोब कुणाहीपेक्षा लवकर व्हायचा. पुढे मी गणित घेऊन एम.एस्सी. केलं, पलासियाच्या एका कोचिंग क्लासमध्ये शिकवायला लागले, तेव्हा काका सगळ्यांना सांगायचे, “हिची पायाभरणी मी केली आहे, पेरांवर.”

मोजण्याच्या बाबतीत त्यांचा विक्षिप्तपणा वयाबरोबर वाढत गेला. दोन-तीन वर्षांपूर्वी तिळी चतुर्थीला आम्ही इमारतीतले सगळे टेम्पो ट्रॅव्हलर करून खजरान्याच्या देवळात गेलो होतो. गर्दी मरणाची. परत निघताना ड्रायव्हरने मागे वळून बोट नाचवत डोकी मोजली आणि म्हणाला, “चौदह हो गए, चलो.” त्याने सरकता दरवाजा ओढला. काकांनी मध्ये हात घातला. दरवाजा त्यांच्या हातावर जोरात बसला, तरी त्यांनी हात काढला नाही.

“खोलो.”

“अरे बाऊजी, पूरे हैं. मैंने गिना है.”

“मैंने भी गिना था,” काका म्हणाले. ड्रायव्हरला याचा अर्थ कळला नाही. आम्हालाही नाही. मग चौदा नावं घेतली गेली, चौदाही ‘आहे’ आले, आणि तेव्हाच गाडी हलली. रस्ताभर काका खिडकीबाहेर बघत होते. मनगट सुजलं होतं. आई माझ्या कानाशी म्हणाली, “यांना काहीतरी खातंय आतून.” ती असं क्वचित बोलते, म्हणून लक्षात राहिलं.

गेल्या वर्षीची गोष्ट. क्लासमध्ये एका मुलीने विचारलं, “मॅम, दहाच का? दहा हाच आकडा एवढा खास का?” मला असे प्रश्न आवडतात. मी ठरवलं, पुढचा एक तास यावरच घ्यायचा. दहामध्ये खरं तर काहीच खास नाही. बारा त्याहून सोयीचा, त्याचे अर्धे, तिसरे, चौथे भाग सरळ होतात, म्हणून तर डझन टिकला. कापडवाले विसाची कोडी मोजत. घड्याळ साठावर चालतं. दहा जिंकला तो केवळ दोन हातांना दहा बोटं आहेत म्हणून. माणसाला आठ बोटं असती तर आपण सातानंतरच एकावर शून्य मांडलं असतं आणि त्यालाच पूर्ण म्हटलं असतं.

हे सगळं मी रविवारी सकाळी पोहे खाता खाता काकांना उत्साहाने सांगत होते. ते ऐकत होते, खात नव्हते.

“मतलब, आकडा बोटांनी ठरवला,” ते म्हणाले.

“हो ना. हातात जेवढी बोटं तेवढ्यावर मोजणी संपली.”

“आणि ज्याची बोटं कमी, त्याची मोजणी आधी संपली.”

मी हसले. म्हटलं, तसंच. मग मला एक कल्पना सुचली. मिलमध्ये मशीनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, तिथे हातांनीच बोलायचे, हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. क्लासमध्ये दाखवायला छान होईल. मी मोबाइल काढला. “काका, तुम्ही मिलमध्ये टोळी कशी मोजायचात? करून दाखवा ना, मी व्हिडिओ घेते.”

मग त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि दोन्ही हात समोर धरले. “तोंडाने आकडा नाही बोलायचा. एक माणूस समोरून गेला की एक बोट मिटायचं. दोन्ही मुठी मिटल्या की टोळी पूरी.” त्यांनी डाव्या करंगळीपासून सुरुवात केली. एकेक बोट मिटत गेलं. डावी मूठ झाली. मग उजवा अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका. दोन्ही मुठी मिटल्या. ते थांबले.

मी मोबाइलच्या पडद्यावर बघत मनात मोजत होते. माझा तो धंदाच आहे. सहज तोंडातून गेलं, “काका, नऊच झाले.”

“हो,” ते म्हणाले. “नऊच झाले होते.”

मुठी तशाच मिटलेल्या होत्या. मला आधी काहीच कळलं नाही आणि मग एकदम सगळं कळलं. व्हिडिओ चालूच होता, तो बंद करायचंही सुचलं नाही.

ते सांगू लागले, अगदी सपाट आवाजात. बोट गेल्यावर ते दोन महिने घरी होते. कामावर परतून चौथाच दिवस होता. धूर एवढा की चेहरे दिसत नव्हते, नुसती माणसं अंगावरून जात होती आणि ते दरवाजाशी उभे राहून बोटं मिटत होते. वीस वर्षांची सवय. मुठी मिटल्या, त्यांनी दरवाजा ओढला. बाहेर सगळे खोकत बसले असताना कुणीतरी विचारलं, गजू कुठे? “मी बोललो, दहा मोजले मी, तो बाहेर आला होता. आदल्या हफ्त्यात तो डब्याला परत गेला होता, ते ऐकलं होतं ना, तेच तोंडात आलं. बोललो, डब्याला परत गेला असेल. झूठ नाही बोललो नंदू, मला तेच खरं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर तोंड धुवायला ओंजळ केली, आणि पाणी इथून गळून गेलं.” त्यांनी करंगळीची रिकामी जागा दाखवली. “तेव्हा समजलं. पण तोपर्यंत साहेबांनी लिहून घेतलं होतं. मला वाटायचं, तू गणिताची आहेस, तुला एक दिवस आपोआप कळेल. रोज वाट बघायचो.”

मी उठून घरी आले. आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. साडेसातला माझं नाव आलं की आई माझ्याकडे बघायची आणि मी दात आवळून ‘आहे’ म्हणायची. या माणसाने माझी फी भरायला स्वतःची सायकल विकली होती, माझ्या तापात उशाशी बसला होता, आणि माझ्या बाबांना मूर्ख ठरवून छत्तीस वर्षं गप्प राहिला होता. दोन्ही खरं होतं आणि मला ते एकत्र धरवत नव्हतं. नवव्या दिवशी मी त्यांच्या दारात जाऊन म्हटलं, “आईला सांगा. मी नाही सांगणार.”

“सांगतो,” ते म्हणाले. “पण तिनं मला उत्तर देणं बंद केलं तर?”

मी म्हटलं, “केलं तर केलं.” हे मी फार निष्ठुरपणे म्हटलं होतं.

आई खिडकीशी मेथी निवडत होती. काका आत आले, बसले नाहीत. त्यांनी दोन्ही हात पुढे धरले आणि जे नऊ जण बाहेर आले त्यांची नावं घेत एकेक बोट मिटलं. मुठी मिटल्या. “वहिनी, इथे मी दरवाजा लावला. गजू बाहेर आलाच नव्हता. डब्याचं मी बोललो, ते चूक होतं.”

आईने मेथीची जुडी खाली ठेवली. मला वाटलं ती ओरडेल, निदान रडेल. ती फक्त त्यांच्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, “त्या दिवशी सकाळी मीच त्यांना म्हटलं होतं. आदल्या आठवड्यात डबा विसरून आले, हेलपाटा पडला, म्हणून चिडून म्हटलं होतं. आज डबा आणल्याशिवाय घरी येऊ नका.”

काकांचे हात खाली आले.

“छत्तीस वर्षं, मुकुंदभाऊजी,” आई म्हणाली. “मला वाटलं, मीच पाठवलं त्यांना परत. पोरीला फडक्यात बांधून दिलं, डबा डोळ्यांसमोर नको म्हणून. तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही रोज संध्याकाळी माझं नाव घेत होतात.”

ही बाजू काकांना ठाऊकच नव्हती. ठाऊक असती तर ते दुसऱ्याच दिवशी बोलले असते, असं मला आज वाटतं. त्या क्षणी वाटलं नव्हतं. आईने मेथी पुन्हा हातात घेतली, पण ती पानं टाकत होती आणि देठ ठेवत होती.

त्या संध्याकाळी साडेसातला हजेरी सुरू झाली. यादवजी, त्यांच्याकडचे सगळे, पहिला मजला, मग आम्ही. “नंदा.” मी ‘आहे’ म्हटलं. “वहिनी.” आई स्वयंपाकघरात होती, तिने ऐकलं, भाताचं पाणी ओतलं आणि काही बोलली नाही. पुन्हा हाक आली. मी दारातून म्हटलं, “आई आहे, काका.” ते खालून म्हणाले, “तिनं सांगायला पाहिजे.” कुलूप लागलं नाही. ते गेटशी उभे राहिले, मग तिथेच पायरीवर बसले. जरा वेळाने यादवजी बाहेर येऊन म्हणाले, “भिया, भाभीजी अंदर ही हैं, मैंने खुद देखा है.” काकांनी मान हलवली आणि बसूनच राहिले. शेवटी यादवजींनीच त्यांच्या हातातून किल्ली घेऊन गेट लावलं.

हे सात महिने चाललं. रोज. पावसाळा गेला, दिवाळी गेली. इमारतीत कुणाला कारण माहीत नव्हतं, पण आमच्या नावापाशी जिना गप्प होतो हे सगळ्यांना जाणवायचं आणि साडेसात जवळ आले की लहान पोरंसुद्धा आवाज बारीक करायची. मी आईला एकदा म्हटलं, एक शब्द म्हण ना! ती म्हणाली, “म्हणेन. जमलं की म्हणेन.” काका रोडावले. बुशशर्टाची इस्त्री गेली. बसल्या बसल्या ते मुठी उघडायचे आणि मिटायचे. मला ते बघवत नसे. हे मीच त्यांना करायला लावलं होतं, आणि आईच्या डोक्यावरचं ओझं उतरवायचं तर दुसरा रस्ता नव्हता, हे मी स्वतःला रोज समजावत होते. आईत फरक पडला होता, हेही खरं. बाबांचा फोटो तिने पेटीतून काढून भिंतीवर लावला. एका शनिवारी ती बाजारातून आली आणि मला क्लासला निघताना पोळीभाजी दिली, दोन मजली, नव्या, चकचकीत स्टीलच्या डब्यात. मी तो पिशवीत ठेवला आणि निघाले.

काका माघ महिन्यात गेले. सकाळी दूधवाल्याने दार वाजवलं तेव्हा ते खुर्चीत होते. दोन्ही हात मांडीवर, उघडे. मी पहिल्यांदा तेच बघितलं.

सगळं आटोपून आम्ही दुपारी परतलो. गेटची किल्ली यादवजींनी माझ्या हातात दिली, म्हणाले, “अब आप ही देखो मैडम.” संध्याकाळी मी जिन्याच्या तळाशी जाऊन उभी राहिले. साडेसात वाजले. सगळ्यांची दारं उघडी होती, कुणाचाही टीव्ही चालू नव्हता. मला हाक मारायची होती, पण पहिलं नाव कुणाचं घ्यायचं हेच आठवेना. एक मिनिट गेलं, दोन गेली. किल्ली हाताला घामाने चिकटली होती.

वरून, आमच्या दारातून, आईचा आवाज आला.

“आहे.”